बर्फाचा वापसा

गुलमर्गला संध्याकाळी भाड्याच्या स्की परत यायला लागल्या की मी एकेक जोडी उलटी करून बाकावर ठेवतो. माणूस दिवसभर कुठे हिंडला, हे त्याच्या तोंडून ऐकायच्या आधी स्कीचा तळ सांगतो. टोकापासून शेपटापर्यंत बारीक, लांब ओरखडे असले तर तो वाऱ्याने बर्फ उडवून नेलेल्या माथ्यावरून गेला. पायाखालच्या भागात खोल खड्डा पडून आतला गाभा दिसत असला, तर ताज्या बर्फाखालच्या दगडाने त्याला गाठलं. काठाच्या पोलादी पट्टीवर नख आडवं ओढावं. नखाचा कीस निघाला तर काठ धारदार आहे. निघाला नाही, तर गडी दिवसभर कडक बर्फ खरवडत उतरला आहे.

हे वाचायला मला एका काश्मिरी चाचांनी शिकवलं. 2006 च्या जानेवारीत मी इथल्या स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत चौदा दिवसांच्या कोर्ससाठी आलो. ही संस्था 1968 पासून इथे आहे. सिन्नर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, वय बावीस, सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेले. बर्फ मात्र आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. कोर्स संपला आणि परतीचं तिकीट मी रद्द केलं. स्की भाड्याने देणाऱ्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत, बुखारी शेगडीच्या उबेत बसून चाचा दुरुस्ती करायचे. त्यांना हाताखाली माणूस हवा होता. तेव्हापासून प्रत्येक हिवाळा इथेच गेला. आधी दुरुस्ती, मग लोकांना स्की निवडून देणं, मग त्यांच्याबरोबर वर जाणं. या वर्षांत एकच गोष्ट नीट कळली, आणि ती कळायला सगळ्यात जास्त वेळ लागला: स्की दिवसातल्या सगळ्यात चांगल्या बर्फासाठी निवडायची नसते, सगळ्यात वाईट बर्फासाठी निवडायची असते.

गुलमर्गचा डोंगर पाहिला की हे का, ते लक्षात येतं. गाव साधारण 2,650 मीटरवर. गोंडोला, म्हणजे इथला रोपवे, पहिल्या टप्प्यात कोंगडोरीला नेतो आणि दुसऱ्या टप्प्यात अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ 3,950 मीटरवर. कोंगडोरीच्या आसपास स्नो बीटर फिरवून बर्फ दाबून सपाट केलेला असतो. बाकीचा डोंगर जसा पडला तसा. वर उघडा उतार, त्याखाली भोजपत्राचं रान, मग फरची उंच झाडी, आणि हिंमत असेल तर थेट द्रंग किंवा बाबारेशीपर्यंत. तिथून सुमो करून परत यायचं. एका उतरणीत दीड हजार मीटरहून जास्त उंची उतरली जाते. एवढ्या अंतरात बर्फ एकसारखा राहूच शकत नाही. वर तो पिठासारखा कोरडा असतो, झाडीत ओलसर आणि जड, आणि गावाजवळ रात्री गोठून दुपारी विरघळलेली खपली.

शिवाय गुलमर्ग 34 अंश उत्तरेला आहे, आल्प्स 46 च्या आसपास. म्हणजे आमच्याकडे फेब्रुवारीतला सूर्य तिथल्यापेक्षा बराच वर असतो. उन्हाकडे तोंड केलेल्या उतारावर सकाळचा भुसभुशीत बर्फ दुपारपर्यंत ओला होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पापुद्रा आलेला असतो. शेजारच्याच घळीत, सावलीत, आठ दिवसांपूर्वी पडलेला बर्फ अजून कोरडा असतो. वळण घेता घेता माणूस एका बर्फातून दुसऱ्यात जातो.

हे सगळं मला पहिल्या चार हिवाळ्यांत कळत होतं, पण वळलं नव्हतं. कारण मी रुंद स्कीच्या प्रेमात होतो.

एक परदेशी पाहुणा हंगाम संपताना आपली जोडी स्वस्तात विकून गेला. पायाखाली 118 मिलिमीटर रुंद. संस्थेत मी ज्या स्कीवर शिकलो त्यांची कंबर सत्तरच्या आत होती. नवी जोडी पायात चढवून गुडघाभर ताज्या बर्फात उतरलो आणि वाटलं, एवढे दिवस आपण होडी सोडून ओंडक्यावर बसलो होतो. बुडणं नाही, धडपड नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला रुंद स्कीच सुचवू लागलो. चाचा नुसते बघायचे. एकदा म्हणाले, “बेटा, शीन रोज पडत नाही.” शीन म्हणजे बर्फ. मी ऐकून सोडून दिलं.

मग सलग नऊ दिवस बर्फ पडला नाही. वाऱ्याने माथा घासून काढला. मी अफरवटवरून एक आडवी वाट कापत होतो. खाली उतार कडक, वर वाऱ्याने थापून ठेवलेला थर. रुंद स्कीचा काठ पायाच्या मध्यापासून बराच बाहेर असतो. कडक बर्फावर तो रोवून धरायला घोटा आणि गुडघा यांना सारखा पीळ सोसावा लागतो. माझा काठ सुटला आणि मी पाठीवर शंभर-दीडशे मीटर घसरत गेलो. खाली सपाटी होती, म्हणून वाचलो. कोपराची कातडी सोलली, एवढंच. एवढं होऊनही मी धडा अर्धाच घेतला. स्वतःसाठी अरुंद जोडी घेतली, लोकांना मात्र त्यांना आवडेल ते देत राहिलो.

त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी मोजली. पुण्याहून एक जण आला होता, पस्तिशीचा, तीन कोर्स केलेला. दाबलेल्या उतारावर छान उतरायचा. त्याने व्हिडिओ पाहिले होते आणि त्याला 112 ची जोडीच हवी होती. “दादा, मला खरा गुलमर्ग बघायचाय,” म्हणाला. तेव्हा आठ दिवस बर्फ पडलेला नव्हता, हे मला ठाऊक होतं. वर मऊ बर्फाचे जेमतेम दोन पट्टे शिल्लक होते आणि त्यांच्या खालची सगळी वाट रात्री गोठलेली होती. मी एकदा म्हटलं, “थोडी अरुंद घ्या.” तो हसला. मी जोडी दिली. बूट स्कीला धरणारी बाइंडिंग त्याचं वजन, वय, बुटाची लांबी आणि अनुभव बघून बरोबर लावली होती, त्यात चूक नव्हती. पण बाइंडिंग गुडघ्याची सगळी काळजी घेत नाही. वरच्या दोन पट्ट्यांत त्याला हवं ते मिळालं. चारच्या सुमारास, परतीच्या घट्ट वाटेवर, थकलेल्या पायांनी त्याला रुंद स्की वळवता आली नाही. गुडघ्याचा लिगामेंट फाटला. स्लेजवरून त्याला खाली आणलं तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, “तुमची काही चूक नाही.” मला ते आजही पटलेलं नाही. गिऱ्हाईक मागतं ते देणं हे दुकानदाराचं काम झालं. बर्फ कसा आहे हे ज्याला माहीत आहे, त्याचं काम त्यापुढे सुरू होतं. त्या रात्री मी शंभर पानी वही काढली आणि तारीख टाकून लिहायला लागलो: आज बर्फ कसा, कुणाला कुठली जोडी दिली, काय होऊन परत आली.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, लाल कांदा निघाल्यावर, माझे वडील, अण्णा, गुलमर्गला आले. सत्तरी जवळ आलेली. टांगमर्गहून वर येताना गाडीतून नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर उभे होते. हातमोजा काढला, मूठभर बर्फ उचलला, दाबला आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. बर्फ पसरला. “भुगा होतोय,” म्हणाले. “याला वापसा आलाय का?”

आमच्याकडे पेरणीआधी ते हेच करतात. मातीचा लाडू करून सोडायचा. फुटला तर वापसा आला, औत घालायला हरकत नाही. तसाच राहिला तर रान अजून ओलं आहे. आमच्या वावराचा एक कोपरा चिबड आहे, बांधाकडची पट्टी मुरमाड, मधली जमीन चांगली काळी. अण्णा औत निवडायचे ते काळीकडे बघून नाही. म्हणायचे, “काळीत काय, कुठलंबी चालतंय. मुरमात फाळ मोडायला नको.” पन्नास वर्षं ते जे करत आले, ते मी बर्फात अंगावर जखमा घेऊन शिकत होतो. तेव्हापासून मी रोज सकाळी बाहेर पडून मूठ दाबतो. लाडू होतच नसेल तर बर्फ कोरडा. चटकन चिकटला तर ओलसर. दाबल्यावर पाणी निथळलं तर दुपारी खालच्या भागात गोंदासारखा होणार. मग थरांमध्ये हात खुपसून बघतो: मूठ जाते, चार बोटं जातात, एकच बोट जातं, की फक्त पेन्सिल. जगभर बर्फाचा कडकपणा असाच मोजतात, त्याला यंत्र लागत नाही.

मूठ बघून झाली की स्की. लोक पहिल्यांदा रुंदी विचारतात, कारण तो आकडा स्कीवर छापलेला असतो. स्थूलमानाने, कंबर 85 मिलिमीटरच्या आत असेल तर ती दाबलेल्या, घट्ट उताराची स्की. 110 च्या वर गेली की खोल ताज्या बर्फाची. गुलमर्गमधल्या बऱ्याचशा दिवसांचं उत्तर 95 ते 105 च्या मध्ये कुठेतरी असतं. पण एकाच रुंदीच्या दोन स्की पायात अगदी वेगळ्या वागतात, आणि त्याचं कारण बाजूने बघितल्यावर दिसतं.

जोडीतली एक स्की फरशीवर ठेवायची आणि डोळा जमिनीच्या पातळीला आणायचा. मधला भाग कमानीसारखा वर उचललेला दिसला तर तो कॅम्बर. उभं राहिलं की कमान दबते आणि टोक-शेपटाला जमिनीत रोवते, म्हणून कडक बर्फावर पकड येते. टोक लांबून हळूहळू वर जात असेल तर तो रॉकर. ते टोक मऊ बर्फात खाली न घुसता वर तरंगतं. रॉकरची कल्पना पुढे आणणाऱ्यांत शेन मॅकॉन्की हा अमेरिकेत नाव कमावलेला स्कीअर होता. अलास्काच्या खोल बर्फात तो चक्क पाण्यावरच्या वॉटर स्कीला बाइंडिंग ठोकून उतरला. पाण्यावर चालतं ते खोल बर्फावरही चालतं, हे त्याने ओळखलं. त्यातून 2000 नंतरच्या पहिल्या वर्षांत ‘स्पॅट्युला’ नावाची, मधे खाली आणि दोन्हीकडे वर वाकलेली स्की बाजारात आली. ती कडक बर्फासाठी नव्हतीच. आज मिश्र बर्फासाठी ज्या स्की आम्ही देतो, त्यांनी दोन्हींतलं घेतलं आहे: टोकाला रॉकर, पायाखाली कॅम्बर, शेपटाला किंचित उचल.

शेपटाची ती किंचित उचल मला खपलीत उमगली. वर कडक पापुद्रा, खाली मऊ. पाऊल टाकलं की मोडतो, पण सगळीकडे सारखा मोडत नाही. न दाबलेल्या बर्फातला हा सगळ्यात अवघड प्रकार. खूप कंबर काढलेली, 14-15 मीटर त्रिज्येत वळणारी स्की इथे टोकाने अडकते आणि आपण न सांगता वळते. त्रिज्या वीसच्या आसपास असेल आणि शेपूट थोडं उचललेलं असेल तर ती खपलीतून सोडवून घेता येते. दिवसभरात लोकांनी कापून ढेकळं केलेल्या बर्फाचा हिशेब पुन्हा निराळा. तिथे वजन कामाला येतं. पॉलोनियाच्या हलक्या लाकडी गाभ्याची, चढायला सोपी स्की ढेकळावरून उडते. लाकडाबरोबर धातूचा पत्रा घातलेली जड स्की ढेकूळ फोडून सरळ जाते, पण दोन तास चढून गेलेल्याच्या मांड्या ती संपवते. म्हणून गोंडोल्याने जाणाऱ्याला आणि पायी चढणाऱ्याला मी एकच जोडी देत नाही.

लांबीबद्दल एवढंच: पूर्वी आम्ही हनुवटी ते कपाळ बघायचो. रॉकरवाल्या स्कीचा बर्फाला टेकणारा भाग कमी असतो, त्यामुळे ती पायात आखूड वाटते. ज्याला वळता येतं त्याने ती उंचीइतकी किंवा थोडी जास्त घ्यावी. नवशिक्याने घेऊ नये. झाडीत शेपूट अडकलं की सोडवायला कुणी नसतं.

एवढं सगळं सांगितल्यावर मला एक सकाळ आठवते, आणि तीही सांगितलीच पाहिजे. रात्रभर पडलेला बर्फ मांडीपर्यंत होता. एक वयस्क ऑस्ट्रियन गृहस्थ स्वतःच्या जुन्या, सरळ, अरुंद स्की घेऊन आले होते. मी त्यांना रुंद जोडी पुढे केली, त्यांनी नम्रपणे मान हलवली. वर गेल्यावर मी मागून बघत होतो. दोन्ही स्की एकमेकींना चिकटवून, एका फळीसारख्या, ते एका संथ तालात वरखाली होत गेले. मागे राहिलेली रेघ शेवटपर्यंत सारखी होती. रुंद स्की यायच्या आधीची पिढी सगळा ताजा बर्फ असाच उतरली. त्यांच्याकडून मी शिकलो की रुंदी मदत करते, पण उभं राहायला शिकवत नाही. दोन हिवाळे दाबलेल्या उतारावर घालवलेल्या माणसाचं बर्फातलं उतरणं रुंद जोडीने जितकं सुधारतं, त्याहून जास्त तो बुटाच्या जिभेवर नडगी टेकवायला शिकला की सुधारतं. आणि बूट ढिला असेल तर कुठलीच स्की कामाची नाही. पैसे थोडे असतील तर आधी स्वतःचा बूट घ्या, स्की भाड्याने मिळते.

2024 चा जानेवारी आम्ही कुणी विसरणार नाही. चिल्लई कलानचे चाळीस दिवस, 21 डिसेंबरपासून सुरू होणारे, म्हणजे इथल्या थंडीचा गाभा. तो जवळजवळ कोरडा गेला. पश्चिमी झंझावात येतच नव्हते. गुलमर्गचं कुरण तपकिरी दिसत होतं, पर्यटक येऊन गवतावर फोटो काढून जात होते. महिनाअखेरीला एकदाचा बर्फ आला आणि सगळे एकदम वर धावले. मीही आनंदात होतो. पण दरवर्षी डिसेंबरात बसणारा जुना, घट्ट थर त्या वर्षी खाली नव्हताच. दगड, झुडपं आणि वाळलेल्या गवतावर थेट नवा बर्फ. त्या पहिल्या आठवड्यात बाकावर इतके तळ फाटून आले की मी मध्यरात्रीपर्यंत प्लास्टिकची कांडी पेटवून जखमांत थेंब थेंब सोडत होतो. थंड झाल्यावर पात्याने तासायचं, मग इस्त्रीने मेण. काळ्या तळावर थेंब पडताना निळसर ज्योत दिसते, आणि काजळी धरली की थेंब खराब होतो, म्हणून कांडी तळाच्या अगदी जवळ धरावी लागते. ही युक्ती चाचांची. त्या वर्षी मी लोकांना जुन्या, आधीच जखमी झालेल्या जोड्या दिल्या आणि का ते सांगितलं. कुणी नाराज झालं नाही.

आता माझ्यासमोर कुणी उभं राहिलं की मी तीन गोष्टी विचारतो. आज तुम्ही नक्की कुठपर्यंत उतरणार? शेवटच्या तासात पाय कसे असतात? आणि बरोबर कोण आहे? तिसरा प्रश्न स्कीचा वाटत नाही, पण आहे. चांगल्या रुंद स्कीने माणूस अशा उतारावर सहज जातो, जिथे जायची त्याची तयारी नसते. अफरवटच्या घळींतून हिमकडे सुटतात, त्यांत माणसं गेली आहेत. बर्फाखाली गाडलेल्याला शोधून काढायचं सामान, म्हणजे ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडं, बरोबर असलं, ते वापरायचा सराव असला आणि जोडीदाराकडेही तेच असलं, तरच मी दाबलेल्या उताराबाहेरची जोडी देतो. नसेल तर देत नाही. यावरून दोनदा भांडण झालं आहे. पुन्हा झालं तर पुन्हा करीन.

चाचा आता नाहीत. त्यांची काठ घासायची कानस माझ्याकडे आहे, मुठीजवळ लाकूड झिजून त्यांच्या अंगठ्याची खोबण पडलेली. वह्या अकरा झाल्या. निवड अजूनही चुकते. चुकली की संध्याकाळी तळ सांगतो आणि मी लिहून ठेवतो.

गेल्या हंगामात तो पुण्याचा पाहुणा पुन्हा आला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मधे बरीच वर्षं गेलेली. मांडणीवरच्या जोड्यांकडे त्याने पाहिलं नाही. “दादा, आज द्रंगच्या वाटेला खाली कसं आहे?” एवढंच विचारलं. मी बाहेर गेलो, मूठ दाबली, पहाटे द्रंगहून आलेल्या सुमोवाल्याला विचारलं, आणि त्याला जोडी काढून दिली. त्या तारखेची नोंद वहीत अशी आहे: वर चार बोटं, कोरडा. झाडीत जड. द्रंगच्या वरच्या बाजूला सकाळी खपली, दोननंतर मऊ. 96, त्रिज्या 19. परत आली पावणेचारला. तळ स्वच्छ.